सहावी पेनल्टी: गॅरेथ साउथगेट, स्टॉपर आणि प्रशिक्षक

गोदाकाठचा स्टॉपर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

गेली सात वर्षे दर रविवारी सकाळी मी नाशिकरोडच्या एका मैदानावर चौदा वर्षांखालील मुलांना फुटबॉल शिकवतो. पोटापाण्याचा उद्योग वेगळा आहे, हे केवळ जुने वेड. कॉलेजात मी स्टॉपर, म्हणजे मागच्या फळीत मध्यभागी उभा राहणारा बचावपटू, म्हणून खेळत असे आणि माझ्या नावावर जे तीन गोल आहेत, त्यांतला एक स्वतःच्याच संघावर आहे.

गेल्या महिन्यात एका आंतरशालेय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात आमची मुले टायब्रेकरवर, म्हणजे बरोबरीनंतरच्या पेनल्ट्यांवर, हरली. दोन दिवसांच्या पावसाने काळी माती बुटांना गोळ्यांसारखी चिकटत होती, पेनल्टीचा ठिपका दर वेळी चुन्याची मूठ टाकून नव्याने दाखवावा लागत होता, आणि पाचवी पेनल्टी मारायला गेलेल्या आमच्या आठवीतल्या स्टॉपरचा टेकूचा पाय नेमका त्या चुन्यावरच सरकला. चेंडू गोलरक्षकाच्या हातात अलगद जाऊन विसावला. त्यानंतरचे तीन रविवार मुलगा आलेला नाही. मी घरी गेलो तेव्हा त्याचे बूट स्वच्छ धुऊन, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून, कपाटावर ठेवून दिलेले दिसले. रुसलेला मुलगा बूट असे ठेवत नाही. निवृत्त झालेला ठेवतो.

त्याला गॅरेथ साउथगेटची हकिकत सांगावी असे माझ्या मनात आहे. २६ जून १९९६ रोजी लंडनच्या वेम्बली मैदानावर युरो, म्हणजे युरोपीय देशांच्या स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात इंग्लंड आणि जर्मनी १-१ असे बरोबरीत राहिले, दोन्ही संघांच्या पहिल्या पाचही पेनल्ट्या गोलात गेल्या, आणि इंग्लंडची सहावी मारायला हा पंचवीस वर्षांचा बचावपटू गेला. जर्मनीचा गोलरक्षक आंद्रेआस कोपकेने ती अडवली, मोलरने जर्मनीची सहावी मारली आणि घरच्या मैदानावरची स्पर्धा इंग्लंडसाठी तिथेच संपली. तोच माणूस वीस वर्षांनी त्याच संघाचा प्रशिक्षक झाला आणि १०२ सामने त्या पदावर राहिला.

माझे प्रश्न दोन आहेत. ही हकिकत मुलाला सांगण्याजोगी आहे का, कारण प्रशिक्षक म्हणूनही त्याच्या हाती मोठा करंडक आला नाही? आणि दुसरे, मला असे वाटत आले आहे की आयुष्यभर मागच्या फळीत खेळलेला माणूस प्रशिक्षक झाला, तरी त्याचे अर्धे लक्ष मागेच राहते. हे त्याचे बळ समजावे की खोट?

पंचवटी एक्सप्रेस

हकिकत नंतर सांगा, आधी ते बूट कपाटावरून उतरवून कागद बदलायला सांगा. ओला कागद आत राहिला तर तळ सुटतो. बाकी धागा वाचतो आहे.

जेलरोडचा वाचक

पेनल्टीपाशी सुरुवात केली की त्या माणसाची कारकीर्द झाकली जाते, म्हणून खेळाडू साउथगेटविषयी थोडे लिहितो.

तो सुरुवातीला मध्यरक्षक होता. क्रिस्टल पॅलेसमध्ये घडला, अगदी तरुण वयात कर्णधार झाला आणि १९९३-९४ च्या हंगामात त्याच्या नेतृत्वाखाली पॅलेसने दुसऱ्या श्रेणीचे विजेतेपद मिळवून प्रीमियर लीगमध्ये परत प्रवेश केला. १९९५ मध्ये तो ॲस्टन व्हिलाकडे गेला आणि तिथे त्याला मागे, मध्यभागी उभे करण्यात आले. त्याच्याकडे फार वेग नव्हता, अंगापिंडानेही तो दांडगा नव्हता. परंतु चेंडू कुठे पडणार हे त्याला समोरच्या आघाडीपटूच्या आधी कळत असे. पहिल्याच हंगामात व्हिलाने वेम्बलीवर लीड्सला ३-० असे हरवून लीग कप जिंकला. त्यानंतर तीनच महिन्यांनी त्याच मैदानावर ती पेनल्टी आली.

२००१ मध्ये तो मिडल्सब्रोला गेला. २००४ मध्ये त्या संघाने बोल्टनला २-१ असे हरवून लीग कप जिंकला, तेव्हा करंडक उचलणारा कर्णधार साउथगेटच होता. त्या क्लबच्या १२८ वर्षांच्या आयुष्यातला तो पहिला मोठा करंडक. मे २००६ मध्ये आइंडहोव्हनला युएफा कप या युरोपीय क्लबांच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात सेव्हियाकडून ०-४ अशी हार पत्करावी लागली आणि तोच त्याचा खेळाडू म्हणून अखेरचा सामना ठरला. इंग्लंडसाठी ५७ सामने झाले, त्यांपैकी बरेचसे त्या पेनल्टीनंतरचे. लोक त्याला विसरू देत नसताना तो आणखी आठ वर्षे त्याच पांढऱ्या सदऱ्यात खेळत राहिला, हे मला करंडकाहून अधिक वाटते.

द्राक्षबाग

खेळाडू म्हणून आदर आहेच, परंतु प्रशिक्षकाविषयी माझे मत कडू आहे आणि ते रात्रींची झोप घालवून बनलेले आहे.

आमच्याकडे दिंडोरीच्या बाजूला अवकाळीचे ढग दिसले की काही बागायतदार घाबरून गोडी भरण्याआधीच माल उतरवतात. पाऊस येतो किंवा येत नाही, पण आंबट द्राक्षाला भाव मिळत नाही हे नक्की. साउथगेटने ११ जुलै २०२१ च्या युरोच्या अंतिम सामन्यात हेच केले. दुसऱ्याच मिनिटाला ल्यूक शॉने इटलीवर गोल चढवला. वेम्बलीवर घरचे प्रेक्षक, समोर बावरलेला प्रतिस्पर्धी, बाकावर एकाहून एक आघाडीपटू, आणि आपला हा गृहस्थ हळूहळू मागे सरकत गेला. ६७ व्या मिनिटाला बोनुचीने बरोबरी साधली, तोपर्यंत चेंडू बहुतांश वेळ इटलीच्या पायाशीच होता. वर कडी म्हणजे रॅशफर्ड आणि सांचो या दोघांना १२० व्या मिनिटाला केवळ पेनल्टी मारण्यासाठी मैदानात उतरवले. चेंडूला धड पायही न लागलेली ही मुले थेट ठिपक्यावर गेली आणि दोघेही चुकले. साकाची पाचवी पेनल्टी डोन्नारुम्माने अडवली तेव्हा तो मुलगा एकोणीस वर्षांचा होता.

२०१८ च्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यातही तेच. ट्रिपियरची फ्री किक पाचव्या मिनिटाला गोलात, त्यानंतर संघ आखडला, पेरिसिचने बरोबरी केली आणि मांझुकिचने जादा वेळेत क्रोएशियाला अंतिम फेरीत नेले. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो ते समजण्यासारखे आहे. संपूर्ण संघाला तीन स्पर्धा ताक फुंकायला लावणे मात्र समजण्यासारखे नाही.

देवळालीकर

द्राक्षबाग यांचा संताप मनापासूनचा आहे, म्हणूनच त्यांच्यासमोर थोडा हिशेब मांडतो.

१९६६ चा विश्वचषक जिंकल्यानंतर २०१६ पर्यंतच्या पन्नास वर्षांत इंग्लंडने विश्वचषक आणि युरो मिळून बाद फेरीचे किती सामने जिंकले? १९६८ चा तिसऱ्या क्रमांकाचा सामना वगळला तर पॅराग्वे, बेल्जियम, कॅमेरून, स्पेन, डेन्मार्क आणि इक्वेडोर, असे सहा. त्यांतला स्पेनविरुद्धचा १९९६ चा विजय पेनल्टीवरचा. साउथगेटच्या चार स्पर्धांत कोलंबिया, स्वीडन, जर्मनी, युक्रेन, डेन्मार्क, सेनेगल, स्लोव्हाकिया, स्वित्झर्लंड आणि नेदरलँड्स, असे नऊ. एक उपांत्य फेरी, दोन अंतिम फेऱ्या आणि २०२२ च्या विश्वचषकात फ्रान्सविरुद्ध १-२ अशी हार, त्यातही कर्णधार हॅरी केनची दुसरी पेनल्टी आकाशात गेली नसती तर काय झाले असते ते कोणी सांगावे.

आपण ज्याला आखडणे म्हणता, त्याच आखडण्यामुळे २०२१ च्या युरोत पहिल्या पाच सामन्यांत इंग्लंडवर एकही गोल झाला नाही, आणि पूर्ण स्पर्धेत फक्त दोन झाले. अंतिम फेरीपर्यंत जो माल पोहोचलाच नसता, त्याच्या गोडीविषयी आपण भांडतो आहोत.

द्राक्षबाग

हिशेब मान्य आहे. पण देवळालीकर साहेब, आपण वाटेत कोण भेटले तेही मोजा. २०२१ मधला जर्मनी सोडला, तर त्या नवांपैकी खरा दांडगा संघ कोणता? मोठ्या संघाशी गाठ पडली आणि हातातोंडाशी आलेला घास गेला, असे चार स्पर्धांत चार वेळा झाले.

देवळालीकर

नेदरलँड्सचे नाव आपण सोयीने गाळलेत.

सातपूरचा सुपरवायझर

दोघांच्या मध्ये पडत नाही, परंतु या धाग्यात मिडल्सब्रोची तीन वर्षे निसटली आहेत आणि माझ्या मते खरा प्रशिक्षक तिथे घडला. त्या काळाविषयी मला विशेष जिव्हाळा आहे, त्याचे कारण पुढे येईल.

२००६ च्या उन्हाळ्यात स्टीव्ह मॅकलारेन इंग्लंडचे प्रशिक्षक झाले आणि मिडल्सब्रोने रिकाम्या खुर्चीवर आपल्या कर्णधारालाच बसवले. मे महिन्यात अंतिम सामना खेळलेला माणूस जूनमध्ये साहेब झाला. त्याच्याकडे त्या पदासाठी लागणारे प्रशिक्षकाचे परवानापत्रही तेव्हा नव्हते, खास सवलत घेऊन त्याची नेमणूक झाली. पहिल्या हंगामात संघ बारावा आला, दुसऱ्यात तेरावा. त्या दुसऱ्या हंगामाच्या शेवटच्या दिवशी त्यांनी मँचेस्टर सिटीला ८-१ असे धुतले, हे आज सांगितले तर मुलांना खोटे वाटते. तिसऱ्या हंगामात संघ एकोणिसावा येऊन खालच्या श्रेणीत घसरला. ऑक्टोबर २००९ मध्ये, संघ खालच्या श्रेणीत चौथा आणि अव्वल स्थानापासून फक्त एका गुणाने मागे असताना, एक सामना जिंकल्यानंतर त्याच रात्री त्याला काढून टाकण्यात आले.

आता माझे. मी एका कारखान्यात अकरा वर्षे लेथवर होतो आणि एका सोमवारी मला सुपरवायझर केले. शनिवारपर्यंत ज्यांच्या डब्यातली चटणी हक्काने घेत होतो, त्यांच्या हजेरीवर आता सही करायची होती. पहिल्या आठवड्यात एकाने मशिनवर हातमोजे घातले म्हणून मी त्याला बोललो; मशिन फिरत असताना हातमोजा अडकला तर बोटे जातात, हे त्यालाही माहीत होते आणि शनिवारपर्यंत मीही कधी कधी तेच करत होतो. तो काही बोलला नाही, फक्त दुपारी डबा घेऊन दुसऱ्या बाकावर जाऊन बसला. मी त्यानंतर सहा महिने एकटा जेवलो. साउथगेटने स्वतःच्या सोबत्यांना संघाबाहेर बसवण्याचे काम पस्तिसाव्या वर्षी केले, आणि ते शिकण्यासाठी त्याला मोकळी जागा मिळाली नाही, संपूर्ण क्लबच्या नशिबावर ते शिकावे लागले.

हकालपट्टीनंतर तो लगेच दुसऱ्या क्लबच्या दारात उभा राहिला नाही. फुटबॉल संघटनेत तरुण खेळाडूंच्या जडणघडणीचे काम पाहिले, आणि २०१३ पासून इंग्लंडच्या एकवीस वर्षांखालील संघाला तीन वर्षे घडवले. सप्टेंबर २०१६ मध्ये इंग्लंडचे प्रशिक्षक सॅम ॲलर्डाइस एकाच सामन्यानंतर पायउतार झाले तेव्हा साउथगेटला आधी चार सामन्यांपुरते आणि नोव्हेंबरअखेर कायमचे घेतले. पुढे राष्ट्रीय संघात आलेल्यांतले कित्येक त्याने मुले असताना पाहिलेले होते. दुसऱ्यांदा त्याला डब्याचा बाक बदलावा लागला नाही.

पंचवटी एक्सप्रेस

सुपरवायझर साहेब, सहा महिन्यांनी कोण परत आले? चटणीचे सांगा.

सातपूरचा सुपरवायझर

हातमोजेवालाच आला. चटणी जवसाची होती.

मूळचा कोल्हापूरचा

नाशिकमध्ये बारा वर्षे झाली, तरी फुटबॉलचा धागा दिसला की हात शिवशिवतात. आमच्याकडे शाहू स्टेडियमवर पेठांचे आणि तालमींचे संघ उतरतात तेव्हा स्टॉपरला जेवढा मान असतो तेवढ्याच शिव्या असतात. आघाडीपटूने दहा संधी दवडून एक गोल केला तर त्याची मिरवणूक निघते. स्टॉपरने नऊ चेंडू काढले आणि दहावा निसटला, तर पेठेतला चहावालाही त्या दहाव्याविषयी विचारतो. असल्या हिशेबात पंधरा-वीस वर्षे काढलेला माणूस प्रशिक्षक होऊन सावधपणे खेळणार नाही तर काय करणार?

मात्र धागाकर्त्यांचे विधान सरसकट पटत नाही. फ्रान्झ बेकेनबाउर मागच्या फळीतलाच. १९७४ मध्ये कर्णधार म्हणून आणि १९९० मध्ये प्रशिक्षक म्हणून विश्वचषक जिंकला. रोनाल्ड कुमान बचावपटू, पण १९९२ च्या युरोपियन कपच्या अंतिम सामन्यात बार्सिलोनाचा एकमेव गोल त्याच्या फ्री किकवरचा. क्लॉपने खेळाडू म्हणून कारकिर्दीचा उत्तरार्ध बॅक म्हणून काढला आणि प्रशिक्षक म्हणून त्याचे संघ समोरच्याच्या अंगावर धावून जात. तेव्हा जागा कोणती होती यापेक्षा माणूस कोणता होता हे पाहावे.

एक विनंती आहे. सगळी उदाहरणे परदेशातली का? आपल्याकडे कोणी नाही का?

देवळालीकर

आहे, आणि फार मोठे आहे. जर्नेलसिंग. फाळणीत लायलपूरकडून इकडे आलेला मुलगा, मोहन बागानचा स्टॉपर, भारताचा कर्णधार. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत थायलंडविरुद्ध त्यांचे डोके फुटले आणि टाके पडले. स्टॉपरने हेडर घ्यायचे नाहीत तर करायचे काय? प्रशिक्षक रहीम साहेबांनी त्यांना चक्क पुढे, आघाडीला खेळवले. उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामविरुद्ध त्यांनी गोल केला आणि अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाविरुद्धही. भारत २-१ असा जिंकला आणि सुवर्णपदक मिळाले. पुढे ते प्रशिक्षक झाले. १९७४ च्या हंगामात पंजाबने अंतिम सामन्यात बंगालला ६-० असे लोळवून संतोष करंडक जिंकला, तो संघ त्यांचा. हा सावधपणाचा निकाल म्हणता येणार नाही.

अलीकडचे हवे असेल तर गोव्याचे महेश गवळी आहेत. २००३ मध्ये ईस्ट बंगालने आसियान क्लब स्पर्धा जिंकली तेव्हा ते मागच्या फळीत होते, आणि निवृत्तीनंतर राष्ट्रीय संघाच्या सहायक प्रशिक्षकपदापर्यंत गेले.

मूळचा कोल्हापूरचा

डोक्याला टाके आणि अंतिम सामन्यात गोल. यापुढे मी पेठेतल्या स्टॉपरच्या गुडघेदुखीचे कौतुक करणार नाही.

मृण्मयी

सगळे वाचले आणि माहितीत भरही पडली, परंतु मी एका पोहणाऱ्या मुलीची आई आहे, म्हणून मूळ पोस्टमधल्या मुलाकडे परत जाते.

त्याला साउथगेटची हकिकत सांगू नये असे माझे मत आहे. निदान आत्ता तरी नाही. तेरा वर्षांच्या मुलाला आपण सांगतो की बघ, त्याचीही पेनल्टी चुकली आणि तो वीस वर्षांनी इंग्लंडचा प्रशिक्षक झाला, तेव्हा त्याला ऐकू येते ते एवढेच की हे वीस वर्षे लक्षात राहणार आहे. माझी मुलगी जिल्हा स्पर्धेत स्टार्टला वेळेआधी उडी मारून बाद झाली होती. त्या संध्याकाळी तिच्या वडिलांनी तिला तीन महान जलतरणपटूंच्या अपयशाच्या कथा सांगितल्या. तिने शांतपणे ऐकून घेतल्या आणि शेवटी विचारले, की बाबा, आणखी किती जण आहेत?

साउथगेटच्या आईने म्हणे त्या रात्री त्याला एवढेच विचारले होते, की सरळ जोरात का नाही मारलीस. मला ती बाई फार आवडते.

पंचवटी एक्सप्रेस

ताई, बाबांच्या जागी मी असतो तर चौथी कथाही तयार ठेवली असती. साउथगेटनेही त्याच वर्षी पिझ्झा हटच्या जाहिरातीत डोक्यावर कागदी पिशवी घालून काम केले. सोबत स्टुअर्ट पिअर्स आणि क्रिस वॉडल होते, म्हणजे १९९० च्या विश्वचषकात जर्मनीविरुद्धच पेनल्टी चुकवलेले दोघे. वर्तमानपत्राचे बोळे आणि कागदी पिशवी यांत फारसा फरक नाही.

जेलरोडचा वाचक

मृण्मयी ताईंचे म्हणणे पटले, तरी या हकिकतीतला एक भाग मुलाच्या नव्हे, प्रशिक्षकाच्या उपयोगाचा आहे, म्हणून तो सांगतो.

१९९६ मध्ये पहिली पाच नावे पक्की होती: शिअरर, प्लॅट, पिअर्स, गॅस्कॉइन, शेरिंगहॅम. पाचही जणांनी गोल केले. सहाव्यासाठी साउथगेट स्वतः पुढे झाला. त्याने त्यापूर्वी कारकिर्दीत एकच पेनल्टी मारली होती, पॅलेससाठी, आणि ती खांबाला लागली होती. म्हणजे धैर्य होते, सवय नव्हती. मधल्या रेषेपासून ठिपक्यापर्यंत चाळीस मीटर एकट्याने चालत जायचे आणि मग अकरा मीटरवरून मारायचे, यातले फक्त शेवटचे अकरा मीटर लोक पेनल्टी समजतात.

प्रशिक्षक झाल्यावर त्याने ते चाळीस मीटर हाती घेतले. २०१८ पूर्वी इंग्लंडचा संघ विश्वचषक आणि युरोत सात टायब्रेकर खेळला होता आणि त्यांपैकी एकच जिंकला होता. पूर्वीच्या पेनल्ट्यांच्या अभ्यासात आढळले की पंचांची शिट्टी वाजताच इंग्रज खेळाडू इतरांपेक्षा घाईने धावत सुटतात, जणू दवाखान्यात इंजेक्शन लवकर उरकावे तसे. म्हणून शिट्टीनंतर थांबायचे, श्वास घ्यायचा आणि मग धावायचे, याचा सराव झाला. तोही पाय थकल्यावर. संघासोबत मानसशास्त्रज्ञ आल्या. ३ जुलै २०१८ रोजी कोलंबियाविरुद्ध गोलरक्षक पिकफर्डने कार्लोस बाकाची पेनल्टी अडवली, डायरने शेवटची मारली, आणि इंग्लंड विश्वचषकात पहिल्यांदाच टायब्रेकर जिंकला. २०२४ च्या युरोत स्वित्झर्लंडविरुद्ध पिकफर्डच्या पाण्याच्या बाटलीवर प्रतिस्पर्ध्यांच्या दिशा लिहिलेल्या होत्या. अकान्जीची पहिलीच पेनल्टी त्याने अडवली आणि इंग्लंडच्या पाचही आत गेल्या. तिसरी साकाची होती.

द्राक्षबाग

साकाची ती तिसरी पेनल्टी मीही उभा राहून पाहिली, हे कबूल करतो.

आणखी एक कबुली. २०२१ च्या त्या रात्री तीन मुलांवर समाजमाध्यमांत वर्णद्वेषी घाण ओतली जात असताना साउथगेटने सांगितले, की पेनल्टी कोणी मारायची हे सरावावरून मी ठरवले होते आणि जबाबदारी माझी. रणनीतीबद्दल माझा राग कायम आहे, १२० व्या मिनिटाच्या बदलाबद्दल तर फारच. तरीही ज्या मैदानावर तो स्वतः १९९६ मध्ये एकटा उभा राहिला होता, तिथे त्याने मुलांच्या पुढे जाऊन उभे राहण्याचे काम केले. बचावपटूने केलेले ते उत्तम क्लिअरन्स होते.

२०२४ च्या युरोच्या अंतिम सामन्यात पामरने बरोबरी साधल्यावर मला पुन्हा एकदा खुळी आशा वाटली होती. स्पेनच्या ओयारझाबालने ८६ व्या मिनिटाला ती मोडली. दोन दिवसांनी साउथगेटने राजीनामा दिला.

सातपूरचा सुपरवायझर

त्याच स्पर्धेत स्लोव्हेनियाशी ०-० झाल्यावर आपल्याच प्रेक्षकांनी त्याच्या दिशेने बिअरचे रिकामे पेले फेकले होते. तरीही तो प्रेक्षकांकडे गेला आणि टाळ्या वाजवून आभार मानले. आमच्या कारखान्यात एवढे संयमी कोणी नाही, मी तर नाहीच.

गोदाकाठचा स्टॉपर (धागाकर्ता)

उशिरा उत्तर देतो आहे, क्षमस्व. दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत पाणी आल्यामुळे गेला रविवार रद्द झाला आणि घरी बसून सर्व प्रतिसाद दोनदा वाचता आले.

जेलरोडचा वाचक यांचा प्रतिसाद वाचताना मला माझीच एक गोष्ट आठवली, जी मी मूळ पोस्टमध्ये लिहिली नव्हती. लपवली असे म्हणणे अधिक योग्य ठरेल. अंतिम सामन्यात जादा वेळ संपल्यावर मी मुलांना गोलाकार उभे केले आणि विचारले, "कोण मारणार?" चार हात लगेच वर झाले. पाचव्यासाठी सगळे जमिनीकडे पाहू लागले. मी काहीच बोललो नाही, वाट पाहिली. मग आमच्या स्टॉपरने हात वर केला, कारण तो स्टॉपर आहे आणि मागे राहिलेले निस्तरायची त्याला सवय आहे. पूर्ण हंगामात त्याच्याकडून मी एकही पेनल्टी मारून घेतली नव्हती. ते ठरवण्याचे काम माझे होते आणि मी ते तेरा वर्षांच्या मुलावर ढकलले.

त्यामुळे साउथगेटची हकिकत सांगायला नव्हे, तर एवढे सांगायला मी परवा त्याच्या घरी गेलो. मृण्मयी ताई, मी कोणाचेही उदाहरण दिले नाही. त्याच्या आईने चहा केला. त्याने बराच वेळ चटईची काडी उपसली आणि मग विचारले, की चुना ओला होता हे तुम्हाला दिसले होते का. दिसले होते, असे मी सांगितले.

दुसऱ्या प्रश्नाबाबत मी माझे मत थोडे बदलतो. मागे लक्ष असणे ही खोट नसावी. पण मागे नेमके काय राहिले आहे हे सामन्याच्या आधी पाहायला हवे.

मृण्मयी

तो आला का?

गोदाकाठचा स्टॉपर (धागाकर्ता)

काल आला. बुटांचा तळ शाबूत आहे, पंचवटी एक्सप्रेस यांना कळवावे.

सरावाच्या शेवटी, मुले दमलेली असताना, मधल्या रेषेपासून चालत जाऊन प्रत्येकाने एक पेनल्टी मारली. शिट्टीनंतर एक पूर्ण श्वास घेतल्याशिवाय धावायचे नाही, असा नियम केला. आमच्या गोलरक्षकाने हा श्वास इतका लांबवला की पाठीमागची रांग हसू लागली. आमच्या स्टॉपरने मारलेली क्रॉसबारला लागून बाहेर गेली, त्यानंतर त्याने न सांगता आणखी चार मारल्या.

मूळचा कोल्हापूरचा

आता पुढच्या स्पर्धेसाठी यादी आधीच करणार का?

गोदाकाठचा स्टॉपर (धागाकर्ता)

केली. पाच नावांवर थांबलो नाही, अकरापर्यंत लिहिली आणि मुलांसमोर वाचून दाखवली. सहाव्या क्रमांकावर कोणाला ठेवावे यावर मीच बराच वेळ अडलो. शेवटी तिथे गोलरक्षकाचे नाव टाकले आहे. स्टॉपर तिसरा आहे.

पंचवटी एक्सप्रेस

चुना कोण टाकणार?

गोदाकाठचा स्टॉपर (धागाकर्ता)

मी. कोरडा.